विश्लेषण : कोल्हापूर–गोंदिया हवाई अंतर ८३० किमी, मग ‘तासाभराच्या’ प्रवासाला आठ तास का लागतात?

कोल्हापूर आणि गोंदिया ही महाराष्ट्राच्या दोन टोकांची शहरे. दोन्हीकडे विमानतळ आहे आणि दोन्हीकडून प्रवासी विमाने उडाली आहेत. मोबाइलवर या दोन नावांमधले अंतर शोधले, की ‘हवाई अंतर सुमारे ८३० किमी, उड्डाणकाळ साधारण एक तास’ असे उत्तर मिळते. काही संकेतस्थळे दीड तास सांगतात. प्रत्यक्षात तिकीट काढायला गेले, की सहा-आठ तासांचे आणि तेही हैदराबादमार्गे जाणारे पर्याय समोर येतात. बदली झालेला कर्मचारी, वसतिगृहातून घरी निघालेला विद्यार्थी किंवा घरच्या आजारपणाचा निरोप आल्याने तातडीने निघालेला माणूस यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा असतो. पडद्यावरचे अंतर आणि वेळ कुठून येते, त्यात काय धरलेले नसते आणि खऱ्या प्रवासाचा हिशेब कसा करायचा, याचा हा आढावा.

हवाई अंतर कसे मोजतात?

दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरची सर्वांत जवळची वाट काढली जाते. चेंडूवर दोन ठिपके काढून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, की तो आपोआप सर्वांत कमी लांबीच्या रेषेवर बसतो. भूगोलाच्या भाषेत ही बृहद्‌वृत्ताची रेषा. संकेतस्थळे हेच काम सूत्राने करतात.

कोल्हापूर–गोंदियाचा हिशेब कागदावरही जमतो. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ सुमारे १६.६७ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे. गोंदियाचा बिरसी विमानतळ सुमारे २१.५३ अंश उत्तर आणि ८०.२९ अंश पूर्व येथे आहे. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक ४.८६ अंश आणि पूर्व-पश्चिम फरक ६ अंश. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किमीचा असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाताना लहान होत जातो; आपल्या भागात तो सुमारे १०५ किमी भरतो. त्यामुळे एक बाजू ५४० किमी, दुसरी ६३० किमी आणि पायथागोरसच्या नियमाने तिरकी रेषा सुमारे ८३० किमी.

इतक्या कमी अंतरावर पृथ्वीच्या गोलाईचा परिणाम नगण्य असतो. लांब पल्ल्यावर मात्र तो मोठा ठरतो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून आले होते. सपाट नकाशावर हा मार्ग वळसा वाटतो, पण गोलावर तो जवळचा आहे.

आणखी एक घोळ एककांचा असतो. हेच अंतर मैलांत सुमारे ५१६ आणि विमान वाहतुकीत वापरल्या जाणाऱ्या सागरी मैलांत सुमारे ४४८ होते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. दोन संकेतस्थळांवरचे आकडे जुळत नसतील, तर आधी एकक तपासावे.

रेल्वेने हेच अंतर दीडपटीहून जास्त का?

ही सरळ रेषा महाराष्ट्राच्या नकाशावर आखली, तर ती सांगोला, लातूर आणि पांढरकवडा या गावांच्या आसपासून जाते. तिचा मध्यबिंदू जवळपास नांदेडवर पडतो. कोल्हापूर आणि गोंदियाला जोडणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस यापैकी एकाही गावात जात नाही. ती मिरज, पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड, जळगाव, अकोला, वर्धा, नागपूर असा मोठा वळसा घेत गोंदियाला पोहोचते. हे अंतर १,३४६ किमी असून प्रवासाला सुमारे २८ तास लागतात. एकाच राज्याच्या हद्दीत इतके लांब धावणारी गाडी म्हणून तिची ओळख आहे.

गाडीचा सरासरी वेग ताशी सुमारे ४८ किमी. पण सरळ रेषेतल्या ८३० किमीच्या हिशेबाने पाहिले, तर प्रवासी तासाला जेमतेम ३० किमी पुढे सरकतो. रेल्वेमार्ग ज्या काळात पडले, तेव्हा ते बंदर, कापूस आणि मोठ्या शहरांना जोडण्यासाठी पडले. पश्चिम महाराष्ट्रातून मराठवाड्याला छेदून थेट पूर्व विदर्भात जाणे ही तेव्हाची गरज नव्हती. या दोन टोकांमध्ये विमानाने वाचणारा वेळ म्हणूनच मुंबई–पुण्यासारख्या जोड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

संकेतस्थळांवरचा उड्डाणकाळ वेगवेगळा का?

कारण तो बहुतेकदा वेळापत्रकातून घेतलेला नसतो. अंतर भागिले एक ठरावीक वेग, असे सोपे गणित त्यामागे असते. वेग ताशी ८०० किमी धरला, तर ८३० किमीला १ तास २ मिनिटे लागतात. ९०० किमी धरला, तर ५५ मिनिटे. काही ठिकाणी उड्डाण आणि उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. तेव्हा उत्तर दीड तासाच्या घरात जाते. तिन्ही उत्तरे गणित म्हणून बरोबर आहेत. पण या मार्गावर तसे विमान उडते का, हा प्रश्न त्यांपैकी एकानेही विचारलेला नसतो.

ताशी ८०० किमी हा मोठ्या जेट विमानाचा उंचावरचा वेग आहे. लहान शहरांकडे जाणाऱ्या अनेक मार्गांवर एटीआर-७२ हे पंख्याचे, सत्तरेक आसनांचे विमान वापरले जाते. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किमी. या विमानाने ८३० किमीला केवळ सरळ उड्डाणाचा वेळ १ तास ४० मिनिटे होतो. जमिनीवरची आणि चढ-उताराची वेळ मिळवली, तर दोन तासांच्या पुढे जातो.

मग जेटच का नाही?

एटीआरला इंधन कमी लागते आणि धावपट्टीही लहान चालते. पूर्ण वजनासह, समुद्रसपाटीवर आणि मध्यम तापमानात त्याला सुमारे १,३०० मीटर धावपट्टी पुरते. कोल्हापूरची जुनी धावपट्टी १,३७० मीटरची होती. ती वाढवून १,९३० मीटर करण्यात आली. त्यातच कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंखांना मिळणारी उचल कमी होते आणि विमानाला जास्त धावावे लागते. त्यामुळे धावपट्टीची लांबी केवळ मीटरमध्ये पाहून चालत नाही. धावपट्टी वाढल्यावर कोल्हापुरात एम्ब्रेअरसारखी मध्यम जेट विमाने येऊ लागली. तरी जागा भरतील तेवढेच विमान पाठवायचे, हा कंपन्यांचा हिशेब शेवटी निर्णायक ठरतो.

वाऱ्याने किती फरक पडतो?

विमान हवेत उडते आणि ती हवाच वाहत असते. मध्य भारतावर हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. त्यामुळे त्या दिवसांत कोल्हापूरकडून गोंदियाकडे जाताना वाऱ्याची साथ आणि परतताना विरोध, असे चित्र असते.

उदाहरणादाखल ताशी ५० किमीचा वारा धरू. एटीआरचा जमिनीच्या हिशेबाने वेग जाताना ५५० आणि येताना ४५० किमी होईल. ८३० किमीला जाताना दीड तास, तर येताना १ तास ५१ मिनिटे. फरक २० मिनिटांचा. ताशी ८०० किमी वेगाच्या जेटला त्याच वाऱ्यात जेमतेम आठ मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे विमान जितके संथ, तितका वारा जास्त जाणवतो. जाण्या-येण्याच्या वेळा तिकिटावर वेगळ्या दिसतात, त्यामागचे हे एक कारण.

तिकिटावरची वेळ म्हणजे हवेतली वेळ का?

नाही. तिकिटावर सुटण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे उतरल्यावर जागेवर येऊन थांबण्याची वेळ. विमान वाहतुकीत या सबंध कालावधीला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी रांगेत येणे आणि पुन्हा जमिनीवरून चालत जागेवर येणे, हे सगळे त्यात येते.

शिवाय विमान आखलेल्या सरळ रेषेवरून जात नाही. हवेतही ठरलेले मार्ग असतात. हवाई दलासाठी राखीव क्षेत्रे टाळावी लागतात, पावसाळी ढगांना वळसा घालावा लागतो आणि उतरताना वाऱ्याच्या दिशेनुसार धावपट्टीच्या योग्य टोकाकडे यावे लागते. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर गणितातल्या अंतरापेक्षा जास्तच भरते. मुंबई-हैदराबादसारख्या गजबजलेल्या विमानतळांवर जमिनीवरचा वेळ जास्त जातो. कोल्हापूर किंवा गोंदियात धावपट्टी समोरच असते. तिथे हा वेळ वाचतो.

लहान विमानतळांपुढे अडचण वेगळी असते. उतरण्यासाठी मार्गदर्शन करणारी यंत्रणा नसेल, तर वैमानिकाला डोळ्यांनी पाहून उतरावे लागते आणि त्यासाठी किमान ५ किमी दृश्यमानता लागते. सकाळचे धुके किंवा पावसाची जोरदार सर आली, की विमान उशिरा सुटते, दुसरीकडे वळवले जाते किंवा रद्द होते. रात्री उतरण्याची सोय नसलेल्या विमानतळावर सूर्यास्तही महत्त्वाचा ठरतो. सहा अंश रेखांशाच्या फरकामुळे, घड्याळ एकच असले तरी, गोंदियाचा सूर्य कोल्हापूरपेक्षा सुमारे २४ मिनिटे पुढे असतो.

थेट विमान का नाही?

एटीआरला ८३० किमीचा पल्ला झेपतो, धावपट्ट्याही पुरेशा आहेत. अडसर आहे तो रोज या एका टोकाकडून त्या टोकाला जाणाऱ्या प्रवाशांच्या संख्येचा. त्याला सरकारी योजनेतील अंतराच्या मर्यादेचीही जोड होती.

केंद्राच्या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेतले, म्हणजे ‘उडान’मधले पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली मार्गावर उडाले. त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवेचाही प्रारंभ झाला. साधारण तासाभराच्या, ५०० किमीपर्यंतच्या प्रवासासाठी विमानातील ठरावीक आसनांचे भाडे तेव्हा २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवले होते. कंपनीचा तोटा भरून काढण्यासाठी तीन वर्षे निधी मिळण्याची तरतूद होती. ही योजना मुळात कमी पल्ल्याच्या मार्गांसाठी होती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान ५.०’ मध्ये दोन ठिकाणांमधल्या अंतराची ६०० किमीची मर्यादा काढण्यात आली. मात्र तोटा भरून देण्यासाठीचे अंतर ६०० किमीपर्यंतच मोजले जाते. म्हणजे ८३० किमीच्या मार्गावरचे शेवटचे २३० किमी कंपनीने स्वतःच्या हिमतीवर उडवायचे.

मागणीचा हिशेब तर त्याहून स्पष्ट आहे. कोल्हापूरहून २०१८ च्या अखेरीस ‘उडान’मधून हैदराबाद आणि बंगळुरूची सेवा सुरू झाली आणि २०१९ मध्ये तिरुपतीची. गोंदियातून मार्च २०२२ मध्ये इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू झाली, पण ती फार काळ टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा आली. दोन्ही शहरांना तिरुपती मिळाले, एकमेकांकडे जाणारे विमान मिळाले नाही. यात नवल नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईला दर वर्षी तिरुपतीहून मानाचा शालू येतो आणि बालाजीचे दर्शन घेऊन कोल्हापूरला येणाऱ्यांची रीघ असते. भाविकांची अशी बारमाही गर्दी विमान भरते. बदलीवर गेलेले कर्मचारी आणि सुट्टीत घरी जाणारे विद्यार्थी वर्षातून काही दिवसच प्रवास करतात.

हैदराबादमार्गे जाणे म्हणजे मोठा वळसा का?

ऐकताना तसे वाटते. महाराष्ट्रातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला तेलंगणात उतरायचे! पण अंतर मोजले, तर कोल्हापूर–हैदराबाद सुमारे ४४५ किमी आणि हैदराबाद–गोंदिया सुमारे ५१५ किमी. एकूण ९६० किमी. थेट रेषेपेक्षा फक्त १३० किमी जास्त, म्हणजे जेमतेम १५-१६ टक्के. रेल्वेचा वळसा याच मोजमापाने ६२ टक्के आहे.

खरा वेळ खर्ची पडतो तो मधल्या थांब्यात. साधारण हिशेब असा मांडता येईल : घरापासून उजळाईवाडीपर्यंत अर्धा तास, विमानतळावर दीड तास आधी पोहोचणे, हैदराबादपर्यंत १ तास २० मिनिटे, तिथे अडीच तासांचा थांबा, गोंदियापर्यंत दीड तास आणि बिरसीहून सामान घेऊन गावात पोहोचायला पाऊण तास. बेरीज आठ तासांच्या थोडी पुढे. यात विमानातला वेळ तीन तासांहूनही कमी आहे. आणि थांबा अडीच तासांचाच असेल, ही खात्री नाही. सकाळचे विमान पकडून दुपारचे किंवा संध्याकाळचे जोड विमान घ्यावे लागले, तर अख्खा दिवस जातो. एखाद्या दिवशी पुढचे विमानच नसेल, तर हैदराबादेत मुक्काम.

तरीही २८ तासांच्या तुलनेत आठ तास म्हणजे वाचलेले २० तास. सरळ रेषेच्या हिशेबाने हा प्रवास ताशी सुमारे १०० किमीने होतो, रेल्वेच्या तिपटीहून अधिक वेगाने.

नागपूरचा पर्याय कितपत उपयोगी?

कोल्हापूर–नागपूर थेट विमानसेवा २०२५ मध्ये सुरू झाली. हे हवाई अंतर सुमारे ७०० किमी आहे आणि जेटने त्याला दीड तासाच्या आतबाहेर वेळ लागतो. नागपूरहून गोंदिया रेल्वेने १३० किमी. मुंबई–हावडा मार्गावरच्या अनेक गाड्या या टप्प्यात धावतात आणि साधारण दोन तासांत पोहोचवतात. घरापासून घरापर्यंत धरले, तर गाडी वेळेवर मिळाल्यास सहा ते सात तासांत प्रवास होऊ शकतो. म्हणजे गावातल्या विमानतळापर्यंतचे तिकीट काढण्यापेक्षा, अलीकडच्या मोठ्या विमानतळावर उतरून रेल्वेने जाणे अनेकदा लवकरचे ठरते. शिवाय विमान उशिरा आले, तरी पुढची गाडी मिळते. जोड विमान चुकले, तर पुढचे विमान बहुधा दुसऱ्या दिवशीच.

तिकीट काढताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, पडद्यावरच्या ‘उड्डाणकाळा’वर बेत आखू नये. दोन शहरांच्या नावांमध्ये वेळ दिसते, याचा अर्थ तिथे विमान आहे असा होत नाही. विमान कंपनीच्या किंवा तिकीट विक्रीच्या संकेतस्थळावर नेमकी तारीख टाकूनच खात्री करावी.

दुसरी, आठवड्यातले दिवस पाहावेत. लहान मार्गांवर अनेक सेवा रोज नसतात. वेळापत्रकही वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलते. तीन महिन्यांपूर्वी मित्राने केलेला प्रवास आज तसाच करता येईल, असे नाही.

तिसरी, शक्यतो दोन्ही विमाने एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर घ्यावीत. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले, तर पर्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. स्वतंत्र तिकिटे असतील, तर ती सहसा प्रवाशाच्याच गळ्यात पडते आणि सामानही मध्ये उतरवून पुन्हा द्यावे लागते. स्वतंत्र तिकिटे घ्यावीच लागली, तर मध्ये किमान तीन-चार तास ठेवावेत. सामान स्वीकारणारी खिडकी साधारण ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होते, हेही लक्षात ठेवावे.

चौथी, परीक्षा, मुलाखत, न्यायालयाची तारीख किंवा शस्त्रक्रिया असेल, तर त्याच दिवशी सकाळी पोहोचणारे विमान धरू नये. पावसाळ्यात कोल्हापूर आणि हिवाळ्याच्या धुक्यात कोणताही लहान विमानतळ ऐनवेळी दगा देऊ शकतो. आदल्या दिवशी पोहोचणे हाच सुरक्षित मार्ग.

पुढे काय?

गोंदियाची बिरसी धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आज तिथे वैमानिक घडवणारी संस्थाही आहे. कोल्हापूरच्या विमानतळाचा इतिहास छत्रपती राजाराम महाराजांच्या काळापर्यंत मागे जातो आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या नव्या टर्मिनलचे उद्‌घाटन झाले. म्हणजे दोन्ही टोकांना धावपट्टी आहे, इमारत आहे, विमानेही येतात. कमी आहे ती मधल्या जोडणीची. कोल्हापूर–नांदेड–नागपूर–गोंदिया यांसारख्या टप्प्याटप्प्याच्या मार्गावर प्रवासी मिळतात का, हैदराबाद किंवा नागपूरमधला थांबा दोन तासांवर आणता येतो का, हे प्रश्न नव्या धावपट्ट्यांइतकेच महत्त्वाचे आहेत. तोवर गोंदियाच्या मुलाला कोल्हापूरहून घरी जायला आठ तास लागतील की २८, हे पडद्यावरच्या ८३० किमीवर कमी आणि त्या दिवशीच्या जोड विमानाच्या वेळेवर जास्त अवलंबून राहणार आहे.